गुडघा आणि पुढची सीट

महाळुंगे एमआयडीसीतून कामासाठी जर्मनीला निघालेला इंजिनिअर आधी मुंबईपर्यंत गाडीत अवघडतो, मग विमानात आठ-नऊ तास. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर म्हणजे ‘सीट पिच’. काही स्वस्त विमानांत ते 28 इंचांवर आलंय. पाठीची जाडीही त्यातच.

सीट कितीही दाटीच्या असल्या, तरी आणीबाणीत निम्मी दारं बंद धरून 90 सेकंदांत विमान रिकामं व्हायला हवं, असा नियम आहे. अमेरिकेत 2019-20मध्ये 720 जणांवर चाचण्या झाल्या, 28 इंच पुरेसे ठरले. पण त्यांत लहान मुलं नव्हती, साठीपुढचं कुणीही नव्हतं. मग तो निकाल आपल्या आजीला कसा लावायचा?

प्रश्न फक्त बाहेर पडण्याचा नाही. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा.