मांजर पाळताना : लहान खूण, मोठा धडा

ज्या घरात ज्वारीची पोती, कडब्याची गंज आणि गुरांचा गोठा आहे, त्या घरात उंदीर येणारच. उंदरांमागून सापही येतो. म्हणून करकंबसारख्या गावांत मांजर हे हौसेपेक्षा गरजेपोटी पाळले जाते. बहुधा ते कोणी विकत आणत नाही. आपणहून येते, चुलीजवळची ऊब धरते आणि चार दिवसांत घरचे होऊन जाते.

मांजराची ही उपयुक्तता एके काळी वैद्यकशास्त्रानेही ओळखली होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे गावोगाव पसरला. उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत हा रोग माणसाला होतो हे स्पष्ट झाल्यावर, १९०८ च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी प्लेगला आळा घालण्यासाठी घरोघरी मांजरे पाळावीत, असा आग्रह धरला होता. मांजरालाही प्लेग होऊ शकतो व त्याच्यापासून तो माणसालाही होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. थोडक्यात, मांजर उपयोगी खरे, पण त्याच्याबरोबर थोडी जोखीमही घरात येते. ती टाळायची तर लहान लहान खुणांकडे लक्ष द्यायला शिकावे लागते. मुक्या प्राण्याचा आपल्याला हाच मोठा धडा आहे.

ओरखडा लहान, धोका मोठा

‘डॉक्टर, मांजराने जरासे ओरबाडले आहे, कुत्रा थोडाच चावलाय?’ असे दवाखान्यात नेहमी ऐकू येते. वाचकहो, रेबीज हा रोग फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज चुकीचा आहे. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातून तो माणसाला होऊ शकतो. रोगाची लक्षणे साधारणपणे एक ते तीन महिन्यांत दिसतात. क्वचित त्याआधी, तर क्वचित वर्षानंतरही. लक्षणे सुरू झाल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजे जो काही उपाय करायचा, तो त्याआधीच.

पहिला उपाय घरातच आहे. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण आपल्याला दोन मिनिटेच पंधरा वाटतात. त्यानंतर आयोडीनचे औषध लावावे. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. मंत्र-तंत्रात दिवस घालवू नये.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लस तेथे मोफत दिली जाते. दंडाच्या कातडीत द्यायची लस पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची असल्यास ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती आणखी एक औषध टोचावे लागते. रक्त आले नाही, नुसता ओरखडा दिसतो, तरीही लस घ्यावीच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ या भीतीने अजूनही काही जण टाळाटाळ करतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताच्या लसीला विशेष पथ्य नाही. गरोदर व स्तनदा मातांनाही ती देता येते. मांजर घरचे आहे, दहा दिवस बघू आणि मग ठरवू, असे करू नये. लस लगेच सुरू करावी आणि मांजरावर दहा दिवस लक्षही ठेवावे. त्यात ते धडधाकट राहिले, तर पुढच्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर सांगतील.

रेबीज नसला तरी मांजराचा चावा साधा नसतो. त्याचे दात सुईसारखे बारीक असतात. वरचे भोक लगेच मिटते आणि जंतू आत खोल राहतात. चोवीस तासांत हात सुजून ठणकू लागला, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत किंवा गळ्यापाशी गाठ आली, तर ओरखड्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

गरोदर स्त्री आणि मांजर

सुनेला दिवस गेले की मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म परजीवी बाहेर पडतात. गरोदरपणी त्यांचा नव्याने संसर्ग झाल्यास गर्भाला इजा होऊ शकते. मात्र विष्ठा बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी ते रोग पसरवण्याजोगे होतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी आणि हे काम घरातील दुसऱ्या कोणी तरी करावे. गर्भवतीने मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी व मटण पूर्ण शिजलेलेच खावे. बांधकामासाठी आणलेला वाळूचा ढीग रात्री झाकून ठेवावा. मांजर तेथेच बसते आणि सकाळी मुले तेथेच खेळतात.

मुलांना काय शिकवावे

मांजर सहसा सूचना दिल्याशिवाय ओरबाडत नाही. शेपूट जोराने आपटू लागले, कान मागे दाबले, अंग ताठ केले, की ‘आता पुरे’ असा त्याचा अर्थ. खाताना, झोपताना आणि पिल्लांजवळ त्याला हात लावू नये. ही भाषा मुलाला कळली, की चावे टळतात. शिवाय दुसऱ्याचे ‘नको’ ऐकण्याची सवय लागते, ती आयुष्यभर उपयोगी पडते.

दुखणे न सांगणारे

आजारी मांजर ओरडत नाही. ते खाणे कमी करते, कोपऱ्यात किंवा माळ्यावर जाऊन बसते. एकाएकी चवताळले, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकांना कळवावे. बोका वारंवार लघवीला बसतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी न्यावे. आपल्या मनाने माणसाची गोळी देऊ नये. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेते.

हीच नजर घरातील वृद्धांकडेही वळवावी. उतारवयात न्यूमोनियासारखा आजारही कधी कधी ताप न येता सुरू होतो. आजोबांनी अर्धी भाकरी टाकली, आजी पारावर जायची थांबली, बोलणे विसंगत झाले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. तक्रार न करणाऱ्याचे दुखणे आपणच ओळखायचे असते.

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. पाळणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. घरच्या मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे ती चालू ठेवावी. आणि आज घरातील मुलांना एवढेच विचारावे : गेल्या काही दिवसांत मांजराने कोणाला ओरबाडले आहे का? रागवाल या भीतीने मुले हे लपवतात. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नका. दिवस उलटले असले तरी जखम साबणाने धुवा आणि मुलाला घेऊन आजच दवाखान्यात जा.