८५ वा दिवस

टोकियो

इथे गरोदर बाईला बॅगेवर लावायला एक गुलाबी बिल्ला मिळतो. रेल्वे स्थानकातही तो फुकट देतात. आई-बाळाचं चित्र आणि खाली 'पोटात बाळ आहे' एवढीच ओळ. सुरुवातीच्या महिन्यांत पोट दिसत नाही, पण उभं राहवत नाही. अशा वेळी गाडीत कोणी जागा द्यावी म्हणून २००६ मध्ये सरकारने हे चिन्ह ठरवलं. निशि-कासाईहून ओतेमाचीला ऑफिसला जाताना मी तो दोन आठवडे लावला. मग एका सकाळी सोनोग्राफी करताना डॉक्टर बराच वेळ काहीच बोलले नाहीत. नववा आठवडा होता. ठोके थांबले होते. दुसऱ्या दिवशी पिशवी साफ करावी लागली. घरी येताना गाडीत बसायला जागा नव्हती, आणि बिल्ला माझ्या कोटाच्या खिशात होता.

जपानमध्ये पाचवा महिना लागेपर्यंत ऑफिसात सहसा बातमी सांगत नाहीत. तिथून पुढच्या काळाला 'आन्तेइकी' म्हणतात, म्हणजे गर्भ स्थिरावल्याचा काळ. आपल्याकडेही तीन महिने झाल्याशिवाय बोलत नाहीत, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. पण जे आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं, ते गेल्याची रजा मागायची कशी? मी विभागप्रमुखांना एकट्यांना सांगितलं. त्यांनी मान झुकवून दुःख व्यक्त केलं आणि लगेच विचारलं, महिनाअखेरचं काम कोण बघणार? मी हक्काच्या रजेतले पाच दिवस टाकले. परत आल्यावर ते म्हणाले, पुढच्या वेळी आधी कल्पना द्या, म्हणजे इतरांना त्रास होणार नाही.

'मेइवाकु' हा त्यांचा शब्द. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. इथे मूल चालायला लागलं की हा शब्द त्याच्या कानावर पडतो. गाड्या वेळेवर धावतात, रस्ते स्वच्छ राहतात, यामागे तोच आहे, हे मी मनापासून मानते. पण रजेवरून परतणारा माणूस सहकाऱ्यांसाठी मिठाईचा खोका आणतो आणि त्रास दिल्याबद्दल क्षमा मागतो. मीही आणला. माझं मूल गेलं आणि त्याबद्दल टेबलाटेबलाशी वाकून मी क्षमा मागितली. त्या दिवसाची चीड आजही गेलेली नाही.

आपल्याकडे 'दिवस गेले' म्हणतात. इथला कायदाही दिवसच मोजतो. प्रसूतीनंतर आठ आठवडे बाईला कामावर घेता येत नाही. सहा आठवड्यांनंतर तिची इच्छा आणि डॉक्टरांची संमती असेल तरच. मूल मृत जन्मलं किंवा गर्भपात झाला तरी हाच नियम, पण ८५ व्या दिवसापासून पुढे. तेव्हापासून आरोग्य विमा पगाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग देतो, प्रसूतीसाठीचे सुमारे ५ लाख येनही मिळतात, आणि सात दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात मृतजन्माची नोंद करावी लागते. ८४ व्या दिवशी गेलं, तर यातलं काहीच नाही. बहुतेक गर्भपात तर पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, आणि त्यातले बरेचसे गुणसूत्रांतल्या दोषामुळे. आईने काय खाल्लं, काय उचललं, याचा त्यात संबंध नसतो.

एक वाट मात्र आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. डॉक्टर एका ठरावीक कार्डावर 'इतके दिवस विश्रांती' असं लिहून देऊ शकतात, आणि मालकाला ते पाळावंच लागतं. पगाराची सक्ती नाही, पण चौथ्या दिवसापासून आजारपणाचा भत्ता विम्यातून मागता येतो. मला ना डॉक्टरांनी हे सांगितलं, ना ऑफिसने.

जे मला बोलता आलं नाही, ते सायाका ओसाकाबे बोलल्या. नोकरीत असताना त्यांचे दोन गर्भपात झाले, आणि वरिष्ठांनी त्यांच्यावर राजीनाम्यासाठी दबाव आणला. त्या कामगार न्यायाधिकरणात गेल्या. २०१४ मध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी 'माताहारा नेट' ही संस्था काढली. माताहारा म्हणजे मॅटर्निटी हॅरॅसमेंटचं जपानी लघुरूप. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने हिरोशिमाच्या एका फिजिओथेरपिस्टच्या खटल्यात निकाल दिला की गरोदरपणामुळे पद उतरवणं तत्त्वतः बेकायदा आहे. तिने फक्त हलकं काम मागितलं होतं. जानेवारी २०१७ पासून असा छळ रोखण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आली. या छळाला आधी नावच नव्हतं. नाव मिळाल्यावर तक्रार करता येऊ लागली.

आणि याच देशात न जन्मलेल्या मुलाला देवळात जागा आहे. त्याला 'मिझुको' म्हणतात, पाण्याचं मूल. टोकियो टॉवरच्या पायथ्याशी झोजोजी मंदिर आहे. तिथे जिझोच्या लहान लहान दगडी मूर्ती ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीला लाल टोपडं, बऱ्याच जणींच्या गळ्यात लाळेरं, शेजारी भिरभिरं. जिझो म्हणजे आपल्या संस्कृतातला बोधिसत्त्व क्षितिगर्भ. आईबापाआधी गेलेली मुलं परलोकाच्या नदीकाठी दगडांचे मनोरे रचतात, राक्षस ते पाडतात, आणि जिझो त्या मुलांना आपल्या झग्याच्या बाह्यांत लपवतो, अशी इथली श्रद्धा. १९७० च्या दशकात मिझुकोसाठीचे विधी फार वाढले. शापाची भीती घालून पैसे उकळणारी देवळंही निघाली, त्याचा मला राग आहे. पण झोजोजीत मला कोणी काही विचारलं नाही. वाऱ्याने सगळी भिरभिरी एकदम फिरली तेव्हा मी पहिल्यांदा मोकळी रडले. तिथे कोणी आठवडे मोजत नव्हतं.

सांगलीहून आईने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे सहा आठवडे नाही देत?" ती शाळेत शिक्षिका होती. भारतात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि तिच्यासाठी ८५ दिवस भरावे लागत नाहीत. डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. जपानला जे अजून जमलेलं नाही, ते आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे; पण आजारपणाची रजा टाकून चार दिवसांत कामावर येणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणी पुण्यात आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही हे माहीत नव्हतं.

तुमच्या ओळखीत कोणावर ही वेळ आली, तर 'पुढच्या वेळी होईल' म्हणू नका. तिला हे सहा आठवडे सांगा, आणि अर्ज लिहायला तिच्याबरोबर बसा.