चार कोपरे, तीन गडी आणि एक चेंडू



शाळेचा शेवटचा तास खेळाचा. गुरुजी कपाटातून फुटबॉल काढतात, पंपाने हवा भरतात आणि मैदानात टाकतात. इकडे वीस, तिकडे वीस अशी वाटणी होते. शिट्टी वाजते, आणि मग काय दिसतं? गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तशी पंधरा-वीस पोरं चेंडूला लागतात. धुळीचा लोट उठतो. दोन-तीन दांडगी मुलं चेंडू लाथाडतात, बाकीची नुसती मागे पळतात आणि पाच-सात जण कडेला उभे राहून तास संपण्याची वाट पाहतात. तास संपतो. खेळ झाला, असं सगळे म्हणतात. पण खेळले किती जण?

थोडा हिशेब मांडून पाहू. मोठा सामना ९० मिनिटांचा. चेंडू रेषेबाहेर जातो, खेळ थांबतो, तो वेळ वजा केला तर चेंडू प्रत्यक्ष चालता राहतो तो सुमारे तासभर. हा तास २२ खेळाडूंत सारखा वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. म्हणजे उरलेला सगळा वेळ खेळाडू चेंडूवाचून असतो. त्या वेळात तो कुठं उभा राहतो, कुठं पळतो आणि काय पाहतो, यावर खेळ ठरतो. आपण मात्र मुलांना शिकवतो फक्त लाथ मारायला! चेंडू पायात नसताना काय करायचं, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

ते शिकवण्याचा एक सोपा मार्ग आहे. मैदान लहान करायचं, गडी कमी करायचे आणि चेंडू आपल्याकडे राखण्याचा खेळ मांडायचा. त्याला गोलाचे खांब लागत नाहीत आणि जाळीही लागत नाही. फक्कीच्या चार रेघा, किंवा चार कोपऱ्यांना चार करवंट्या ठेवल्या की झालं.

आधी पास देण्याविषयी दोन शब्द. जवळचा पास अंगठ्याने मारायचा नाही. पावलाच्या आतल्या बाजूने, म्हणजे अंगठा आणि टाच यांच्या मधल्या सपाट भागाने तो ढकलायचा. दुसरा पाय चेंडूच्या शेजारी टेकवायचा आणि त्याची बोटं जिकडे पास द्यायचा तिकडे करायची. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ ठेवायचा. चेंडू जमिनीसरसा गेला पाहिजे आणि त्याला थोडा जोर पाहिजे. रांगत जाणारा पास वाटेतच कुणी उचलतो. एवढं सांगून थांबावं. बाकीचं खेळता खेळता येतं.

आता पहिला खेळ. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आठ-आठ पावलांचा चौकोन आखा. चार मुलं चार बाजूंना आणि एक मध्ये. मधल्यावर राज्य. बाहेरच्या चौघांनी आपसात पास द्यायचे, मधल्याने चेंडू अडवायचा. स्पेनमध्ये या प्रकारच्या खेळाला रोंडो म्हणतात. योहान क्रॉइफ १९८८ साली बार्सिलोना संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी हा खेळ रोजच्या सरावाचा पाया केला. जगातले नामवंत खेळाडू आजही सरावाच्या आरंभी तो खेळतात. तेव्हा हा पोरखेळ आहे असं समजू नका.

इथं एक धोका आहे. ज्याचा पास चुकला त्याच्यावर राज्य, असा नियम मुलं आपण होऊन करतात. मोठ्या खेळाडूंत तो चालतो. पण वर्गात जो मुलगा कच्चा असतो तो पुन्हा पुन्हा मध्ये येतो, त्याला हसतात, आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच पास द्यायला शिकत नाही. आपल्या खेळांत 'कच्चा लिंबू' असतो ना, तसा त्याला नावापुरता खेळात ठेवला जातो. म्हणून राज्य वेळेवर बदला. एक मिनिट झालं की शिट्टी, मधला बाहेर आणि दुसरा आत. अशानं प्रत्येकाला दोन्ही कामं येतात.

दुसरा खेळ हा या सगळ्याचा गाभा आहे. तो नीट समजून घ्या. चौकोन तोच, मध्ये एक गडी तोच, पण बाहेर चारांऐवजी तीनच गडी ठेवा. कोपरे चार आणि गडी तीन, तेव्हा एक कोपरा नेहमी रिकामा राहणार. नियम असा, की ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्या दोन्ही शेजारच्या कोपऱ्यांवर त्याचे सोबती असलेच पाहिजेत.

समजा, क्रमाने एक कोपरा लिंबाच्या झाडाकडचा, दुसरा फाटकाकडचा, तिसरा हौदाकडचा आणि चौथा व्हरांड्याकडचा. चेंडू झाडापाशी आहे. मग सोबती फाटकापाशी आणि व्हरांड्यापाशी हवेत. हौद रिकामा. झाडाच्या गड्यानं फाटकाकडे पास दिला. आता फाटकाचे शेजारी कोण? झाड आणि हौद. झाडापाशी पास देणारा आहेच. हौदापाशी कुणी नाही. तेव्हा व्हरांड्याच्या गड्यानं हौदाकडे धाव घ्यायची. त्याच्याकडे चेंडू आला नव्हता आणि त्याने पासही दिला नव्हता. तरी पळायचं त्यालाच! तो पळाला नाही, तर फाटकाच्या गड्याला एकच वाट उरते. मधला गडी ती वाट अडवतो आणि चेंडू जातो.

अशा वेळी सगळे कुणाला ओरडतात? ज्याच्या पायातून चेंडू गेला त्याला. पण चूक त्याची नव्हती. चूक न पळणाऱ्याची होती. ही गोष्ट मुलांच्या एकदा ध्यानात आली, की त्यांची खेळाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पास देणारा एक असतो, पण पास घडवणारे तिघे असतात. त्या पोरांना हे भाषण करून सांगू नका. चेंडू गेला की खेळ तिथल्या तिथं थांबवा आणि एवढंच विचारा, "बाळू, आत्ता कुठला कोपरा रिकामा होता?" उत्तर मुलांनाच देऊ द्या.

या खेळात तीन गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, पळण्याची वेळ. चेंडू सोबत्याला मिळाल्यावर पळायचं नाही, तर पास देणाऱ्याच्या पायातून तो सुटला की निघायचं. दुसरी, उभं राहण्याची ढब. चेंडूकडे सरळ तोंड करून उभं राहिलं तर निम्मं मैदान पाठीमागे जातं. म्हणून अंग थोडं तिरकं ठेवावं, म्हणजे चेंडूही दिसतो आणि दुसरा सोबतीही. येणारा चेंडू जमेल तेव्हा दूरच्या पायाने घ्यावा, म्हणजे पुढचा पास देण्यासाठी वळावं लागत नाही. तिसरी गोष्ट नजरेची. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वी एकदा मान वळवून पाहून घ्यावं. आट्यापाट्यांत पाटी धरणारा गडी एका बाजूला झुकला, की आपली मुलं क्षणात दुसऱ्या बाजूने निसटतात. ती नजर त्यांच्यापाशी आहेच. फुटबॉलमध्ये तीच वापरायची.

कुणी म्हणेल, गुरुजी, आमच्याकडे चेंडू एकच, मुलं चाळीस. हे कसं जमायचं? त्यालाही वाट आहे. हा तीन गड्यांचा खेळ आधी हातांनी खेळवा. रबरी चेंडू चालेल, चिंध्यांचा चालेल. हाताने फेकायचा, हाताने झेलायचा, चेंडू घेऊन चालायचं मात्र नाही. कोपरे तेच आणि धावणं तेच. पायांचं कौशल्य नसलेलं मूलही यात पहिल्या दिवसापासून बरोबरीनं खेळतं. मैदानात आठ-दहा चौकोन आखा, एकावर खरा फुटबॉल ठेवा आणि दर पाच मिनिटांनी गट पुढे सरकवा. मुलींना वेगळं बसवू नका. लहान चौकोनात दांडगाई चालत नाही, तिथं चलाख नजर चालते.

हा खेळ अंगवळणी पडला की पुढची पायरी. वीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद जागा घ्या. तीन विरुद्ध तीन, आणि एक गडी कॉमन. ज्या बाजूकडे चेंडू, त्या बाजूचा तो. म्हणजे चेंडू राखणारे नेहमी चार आणि हिसकावणारे तीन. सलग पाच पास झाले की एक गुण. इथं कोपरे ठरलेले नाहीत. रिकामी जागा ज्याची त्यानं शोधायची. चेंडू गेला की क्षणात राखणाऱ्याचं हिसकावणाऱ्यात रूपांतर व्हायला हवं, हेही मुलं इथंच शिकतात. त्यानंतर चार विरुद्ध चार. मैदान तीस पावलं लांब, वीस रुंद. दोन्ही टोकांना रेषा. समोरच्या रेषेवर चेंडू पायाखाली थांबवला की गुण. आता नुसता चेंडू राखून भागणार नाही, पुढेही सरकायला हवं. पुढे वाट असेल तर पुढे, नसेल तर बाजूला, तीही नसेल तर मागे. मागे दिलेला पास हा भित्रेपणा नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा.

खेळ जमत नसेल तर मुलांना रागावण्याआधी जागा बदलून पाहा. चेंडू वरचेवर जात असेल तर चौकोन दोन पावलांनी वाढवा. फार सोपं होत असेल तर तेवढाच कमी करा. दोनच स्पर्शांत पास द्यायचा, असली बंधनं अगदी शेवटी घाला. ती लवकर घातली तर मूल घाबरून चेंडू नुसता टोलवतं.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं कुणाला वाटू नये. भारताचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादेतले शाळामास्तर. चेंडू घेऊन ड्रिब्लिंग करायला बंदी असलेले सामने, फक्त कमजोर पायाने खेळण्याचे सामने, असे नाना प्रयोग त्यांनी आपल्या शहरात केले. त्यांच्या शिकवणीखाली भारतीय संघ १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं आणि मुंबईतून पुढे आलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून रहीमसाहेबांच्या संघाने सुवर्णपदक आणलं. पुढच्याच वर्षी ते वारले. नियम थोडा बदलून खेळाडूला विचार करायला लावणं, ही त्यांची युक्ती. ती एका शिक्षकाची युक्ती होती.

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वर्षी राज्यातल्या अनेक शाळांत फुटबॉल पोचले. काही शाळांत ते मैदानावर झिजले, काही शाळांत कपाटातच हवा जाऊन बसले. चेंडू मिळाला म्हणजे खेळ मिळाला असं होत नाही. तो मुलांपर्यंत पोचवायचं काम शिक्षकाचं.

सगळीच मुलं काही मोठे खेळाडू होणार नाहीत, आणि होण्याची गरजही नाही. पण कडेला उभा राहणारा मुलगा हौदाच्या कोपऱ्याकडे वेळेवर धावला आणि त्याच्यामुळे सोबत्याला वाट मिळाली, तर त्या दिवशी तो संघात आला. चेंडू आपल्याकडे नसतानाही आपल्यावर काही अवलंबून आहे, हे त्याला कळलं. उद्याच्या खेळाच्या तासाला चार करवंट्या घेऊन जा, एक चौकोन मांडा आणि शिट्टी वाजवण्याआधी विचारा, "रिकामा कोपरा कुठला?"