बी. कॉम. म्हणजे काय?

शालान्त परीक्षेचा निकाल हातीं पडला म्हणजे घरोघरीं जी चर्चा सुरू होते, तिच्यांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: ‘शास्त्र शाखेस प्रवेश मिळाला नाहीं, तर वाणिज्य आहेच.’ ह्या ‘आहेच’ शब्दानें एका चांगल्या विद्येची अवहेलना होते, हें बोलणाराच्या ध्यानींही येत नाहीं. डॉक्टर काय शिकतो व इंजिनियर काय शिकतो हें लहान मुलासही ढोबळ मानानें ठाऊक असतें, परंतु बी. कॉम. झालेला मनुष्य नक्की काय शिकला, हें पुष्कळदां त्याच्या आईबापांसही सांगतां येत नाहीं. अलीकडे तर बी. कॉम. च्या जोडीस बी. ए. एफ., बी. एम. एस., बी. बी. ए. अशी अक्षरांची एक लांबलचक पंगत बसली आहे. आमच्या शाळेंतून दरवर्षीं पुष्कळ मुलेंमुली ह्याच वाटेनें जातात. त्यांनीं डोळे उघडे ठेवून जावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

ह्या सर्व पदव्यांचा गाभा जमाखर्च हा आहे. जमाखर्च म्हणजे बेरीज-वजाबाकी, असें समजणारास आम्ही एक लहानसें उदाहरण घालतों. स्नेहसंमेलनांत दोन मुलांनीं खाऊचें दुकान मांडलें, असें धरूं. त्यांनीं घरून २,००० रुपये आणले व मामाकडून १,००० रुपये उसने घेतले. बाजारांतून २,४०० रुपयांचा माल आणला. सायंकाळपर्यंत २,६०० रुपयांची रोख विक्री झाली, ५०० रुपयांचा माल मित्रांस उधार दिला, आणि खरेदीच्या दरानें ३०० रुपयांचा माल शिल्लक राहिला. मंडपवाल्याचें २०० रुपये भाडें अजून द्यावयाचें आहे. रात्रीं पेटी उघडून पाहतात तों आंत ३,२०० रुपये. मुलें म्हणतात, ‘तीन हजार घातले, बत्तीसशें झाले, वरचे दोनशें मंडपवाल्यास दिले कीं हातीं शून्य. फुकट राबलों!’

वाणिज्याचा विद्यार्थी त्यांस म्हणेल, थांबा. तुमची एकंदर विक्री ३,१०० रुपयांची. २,४०० रुपयांच्या मालापैकीं ३०० चा उरला, म्हणजे विकलेला माल २,१०० चा. भाडें २००. तेव्हां तुम्हांस नफा झाला तो ८०० रुपये. पटत नसेल तर एका बाजूस तुमच्यापाशीं काय आहे तें मांडा: रोख ३,२००, मित्रांकडून येणें ५००, माल ३००, एकूण ४,०००. दुसऱ्या बाजूस हा पैसा कोणाचा तें मांडा: मामाचे १,०००, मंडपवाल्याचे २००, तुमचें भांडवल २,००० आणि तुमचा नफा ८००, एकूण ४,०००. ह्या मांडणीसच ताळेबंद म्हणतात. दोन्ही बाजू जुळल्या ह्यांत जादू कांहीं नाहीं. प्रत्येक व्यवहारांत कांहीं येतें व कांहीं जातें, आणि ह्या पद्धतींत दोहोंचीही नोंद होते, म्हणून त्या जुळतात.

पण खरी गंमत पुढेंच आहे. मित्रांनीं उधारी बुडविली तर तोच नफा ८०० चा ३०० होतो. उरलेला खाऊ उद्यां शिळा होऊन फेंकावा लागला तर तोही उणा धरावा लागतो, आणि मग हातीं कांहींच राहत नाहीं. आज रात्रीं वही लिहितांना ह्या ५०० व ३०० रुपयांस किती किंमत द्यावी, हें ठरविण्यास आंकडेमोड पुरत नाहीं. तेथें अनुभव लागतो, नियम लागतात, आणि स्वतःस न फसविण्याची वृत्तीही लागते. पदवीच्या अभ्यासक्रमांतील जमाखर्चाचीं जाडजूड पुस्तकें बव्हंशीं ह्याच एका प्रश्नाचा निरनिराळ्या धंद्यांत विचार करीत असतात.

ही दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत रुळलेली होती. तिचें विवेचन छापून प्रसिद्ध केलें तें लुका पाचोली नांवाच्या एका फ्रान्सिस्कन संन्याशानें, १४९४ सालीं, आपल्या गणितावरील मोठ्या ग्रंथांत. वह्या-खात्यांचा हा रुक्ष विषय मठांतील साधूच्या हातून जगापुढें यावा ह्याचें कित्येकांस नवल वाटतें. पण मत्तय हाही जकातीच्या नाक्यावरूनच उठून प्रभूच्या मागें गेला होता, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपल्या इकडेही हिशेबाची विद्या नवी नव्हे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द पेशव्यांच्या दप्तरांत भरपूर सांपडतात, आणि फडणीस हें आडनांवच मुळीं हिशेबाच्या फर्दा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावरून आलेलें आहे.

मात्र दुकानांत बसून शिकण्याची ही विद्या विद्यापीठांत शिकवावी, हा विचार बराच अलीकडचा. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत १८८१ सालीं व्हार्टन विद्यालय निघालें. इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्मिंगहॅम विद्यापीठानें विल्यम ॲशले ह्यांच्या नेतृत्वाखालीं वाणिज्याची निराळी शाखा काढली. मुंबई फार मागें राहिली नाहीं. १९१३ सालीं येथें सिडनहॅम कॉलेज स्थापन झालें. आशिया खंडांतील वाणिज्याचें पहिलें महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. ह्याच कॉलेजांत १९१८ पासून १९२० पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यानंतर लंडनला जाऊन त्यांनीं रुपयाच्या प्रश्नावरील आपला सुप्रसिद्ध प्रबंध सिद्ध केला; तो १९२३ सालीं ग्रंथरूपानें बाहेर पडला. ज्या शाखेस उरल्यासुरल्यांची म्हणून हिणवितात, तिच्या वर्गांत कोण शिकवून गेलें हें हिणविणारांनीं ध्यानीं घ्यावें. पुढें १९४१ सालीं माटुंग्यास पोदार कॉलेज व १९४३ सालीं पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें. आज तर जिल्ह्याच्या गांवींही बी. कॉम. ची सोय आहे.

तर मग नुसती बी. कॉम. आणि तिच्या भावंडांच्या पदव्या ह्यांत भेद कोणता? बी. कॉम. मध्यें जमाखर्चाबरोबर अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, कर, संख्याशास्त्र, लेखापरीक्षण असे अनेक विषय थोडेथोडे येतात. बी. ए. एफ. ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पदवींत हिशेब व वित्त ह्यांवर भर अधिक असतो, व भाषा आणि इतर विषय कमी. बी. एम. एस. ही पदवी मुंबई विद्यापीठानें १९९९ सालीं सुरू केली. तिचा आणि बी. बी. ए. चा ओढा व्यवस्थापनाकडे, म्हणजे माणसें कशीं नेमावीं, माल कसा खपवावा, कारखान्याचें काम कसें आंखावें ह्यांकडे आहे.

वित्त हा शब्द वर आला, त्याचाही उलगडा करावयास हवा. जमाखर्च मुख्यतः झालेल्या गोष्टींकडे पाहतो. वित्त पुढें पाहतें. कोणी म्हणालें, ‘आज १०,००० रुपये द्या, दोन वर्षांनीं ११,००० परत देतों,’ तर हा सौदा बरा कीं वाईट? बँकेंत वर्षास शेंकडा ७ व्याज मिळत असेल, तर तेच दहा हजार चक्रवाढीनें दोन वर्षांत ११,४४९ होतात. म्हणजे एक हजाराचा लाभ दिसत असतां वस्तुतः ४४९ रुपयांचा तोटाच झाला. शिवाय बुडण्याचें भय वेगळें. हाच हिशेब कोट्यवधि रुपयांच्या पुलास वा गिरणीस लावणें, हें वित्तशास्त्राचें एक मोठें काम आहे. म्हणून अकरावींत गणित सोडण्याची घाई करूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगूं. पुढील कित्येक अभ्यासक्रमांचीं दारें त्या एका निर्णयानें लागतात.

नांवांवर फार जाऊं नये, ह्याचें ताजें उदाहरण २०२४ सालचें आहे. त्या वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें बी. बी. ए., बी. एम. एस. वगैरे पदव्या आपल्या देखरेखीखालीं घेतल्या आणि महाराष्ट्रांत त्यांस प्रवेशपरीक्षा लागू झाली. तेव्हां कांहीं महाविद्यालयांनीं बी. एम. एस. ची पाटी उतरवून ‘बी. कॉम., व्यवस्थापन’ अशी पाटी लावली. प्रवेश घेणारानें पाटी न वाचतां सहाही सत्रांचे विषय वाचावे, ते शिकविणारे शिक्षक कायमचे आहेत कीं तासापुरते येणारे आहेत हें विचारावें, आणि मग शुल्काचा आंकडा पाहावा. लांब नांवाच्या महागड्या पदवीपेक्षां जेथें जमाखर्च मन लावून शिकविला जातो तेथली साधी बी. कॉम. आम्हांस अधिक मोलाची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें, किंवा चौथें वर्ष करून ऑनर्स मिळवितां येतें.

आतां ज्या गैरसमजानें सर्वांत अधिक नुकसान होतें, त्याविषयीं. ह्यांपैकीं कोणतीही पदवी घेतल्यानें कंपनीच्या हिशेबाखालीं लेखापरीक्षक म्हणून सही करण्याचा अधिकार येत नाहीं. मुंबई सरकारनें १९१८ सालीं हिशेबनिसांसाठीं एक पदविका काढली होती; पुढें १९४९ च्या कायद्यानें सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजीं अस्तित्वांत आली, आणि तो अधिकार आज तिच्या सभासदांसच आहे. ह्या संस्थेची परीक्षा विद्यापीठाची नव्हे. परिव्यय लेखापाल व कंपनी सचिव ह्यांच्याही अशाच स्वतंत्र संस्था असून त्यांचे कायदे अनुक्रमें १९५९ व १९८० सालचे आहेत. तीन वर्षें पैसा व वेळ घालून, ‘मी आतां सी. ए. च्या बरोबरीचा’ असें समजणाऱ्या मुलाची पदवीनंतर फार निराशा होते.

त्या एका सहीचें महत्त्व कळण्यास सत्यमचें प्रकरण आठवावें. ७ जानेवारी २००९ रोजीं हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीच्या अध्यक्षांनीं पत्र लिहून कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेल्या रोख व बँकेंतील रकमेपैकीं ५,०४० कोटि रुपये मुळीं अस्तित्वांतच नाहींत. आमच्या खाऊच्या दुकानांत पेटी उघडून पैसे मोजले होते. येथें पेटी होती बँकेंत. अशा वेळीं लेखापरीक्षकानें कंपनीच्या हातून आलेल्या कागदावर न विसंबतां बँकेकडून थेट उत्तर मागवावयाचें असतें. तें काम जसें व्हावयास हवें होतें तसें झालें नाहीं, असें पुढील चौकशींत आढळलें. बाजारांत ज्यांनीं त्या ताळेबंदावर विश्वासून आपली पुंजी त्या कंपनीच्या भागांत घातली होती, त्यांच्या भागांची किंमत त्याच दिवशीं कोसळली.

ज्यांस हा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांनीं बारावीनंतर सनदी लेखापालांच्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा द्यावी. तिच्यांत शंभर गुणांचे चार पेपर असतात: जमाखर्च, व्यापारी कायदे, गणित व तर्क, आणि अर्थशास्त्र. प्रत्येकांत ४० व एकंदरींत शेंकडा ५० गुण लागतात. ज्यांस पदवी आधीं पुरी करावयाची असेल, त्यांस वाणिज्याच्या पदवींत शेंकडा ५५ गुण असल्यास ही पहिली परीक्षा माफ आहे. इतर शाखांच्या पदवीधरांस ६० लागतात. २०२३ पासून उमेदवारीचा काळ तीन वर्षांऐवजीं दोन वर्षांचा झाला आहे. हा मार्ग कठीण आहे व अर्ध्यावर सोडून येणारे पुष्कळ असतात, म्हणून पदवीही जोडीनें पुरी करावी. त्यासाठीं मुंबईकडील पुष्कळ वाणिज्य महाविद्यालयांचे वर्ग सकाळीं लवकर भरतात. सातच्या ठोक्यास वर्ग, दहा-साडेदहास उमेदवारीची कचेरी, सायंकाळीं गर्दीच्या गाडींतून घर, आणि जेवण झाल्यावर पुस्तक, असा त्या दोन वर्षांचा दिनक्रम असतो.