एक पाळक, अनेक मंडळ्या : ल्यूथरन बांधवांची सामायिक सेवा

ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोली आणि घणसोली यांच्यामध्ये रबाळे आहे. येथील एमआयडीसीच्या परिसरात राबणाऱ्या हातांची भाषा एक नाही. आंध्र, तामिळनाडू, झारखंड अशा प्रदेशांतून पोटासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत काही कुटुंबे ल्यूथरन परंपरेतील असतात. ती कामाच्या ठिकाणी व शेजारात आपल्याला भेटतात आणि कधी सून किंवा जावई होऊन आपल्या घरातही येतात. तरीही त्यांच्या उपासनेविषयी आणि पाळकांविषयी आपल्या धर्मग्रामांत माहिती बेताचीच आहे.

जगात अनेक ठिकाणी शेजारच्या लहान ल्यूथरन मंडळ्या एकत्र येऊन सामायिक सेवा चालवितात. अशी व्यवस्था पुष्कळदा प्रथम एका वर्षापुरती करून पाहिली जाते. एकच पाळक आळीपाळीने निरनिराळ्या ठिकाणी उपासना घेतात. दृढीकरणाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी आणि पाळकांच्या वेतनाचा भार सर्वजण वाटून घेतात. वर्षअखेरीस मंडळ्या बसून ठरवितात, की पुढे असेच चालावे की नाही. हा प्रकार ऐकून, ‘म्हणजे त्यांची मंडळी मोडली का?’ असे आपल्यापैकी कोणी विचारील. मंडळी मोडत नाही. प्रत्येक मंडळीचे नाव, तिची समिती आणि तिचा हिशेब स्वतंत्र राहतो.

यामागे त्यांची एक जुनी धारणा आहे. १५३० च्या ऑग्जबर्ग विश्वासप्रकटीकरणाच्या सातव्या कलमानुसार ख्रिस्तसभेच्या ऐक्यासाठी शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कारांचे योग्य अनुष्ठान यांविषयी एकमत पुरेसे आहे. मानवी रूढी सर्वत्र सारख्याच असल्या पाहिजेत असे नाही. त्यामुळे तेलुगू गीते गाणारी मंडळी आणि तामिळ गीते गाणारी मंडळी यांना एक पाळक नेमण्यात तत्त्वतः अडचण येत नाही. अडचण येते ती भाषेची, आणि ती लहान नसते.

ही भाषिक विभागणी भारतातील इतिहासातून आली. १७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्लुट्शाउ तरंगमबाडीला उतरले. १८४२ मध्ये हायर गुंटूरला पोहोचले आणि १८४५ मध्ये गॉसनर मिशनचे लोक रांचीला आले. प्रत्येक मिशनची मायभूमी व कार्यभाषा वेगळी, म्हणून ख्रिस्तसभाही वेगळ्या घडल्या. पुढे त्यांनी आपसांत महासंघ उभारला. मात्र २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा ल्यूथरन चर्चेस त्यात विलीन झाली नाहीत. मराठी प्रॉटेस्टंट बांधवांशी आपला परिचय असतो, पण ल्यूथरन नाव अनोळखी वाटते, त्याचे एक कारण येथे सापडते.

सामायिक सेवेची खरी कसोटी रांचीने पाहिली. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना भारत सोडावा लागला आणि छोटा नागपूरच्या मंडळ्या एकाएकी पोरक्या झाल्या. तेव्हा तेथील अँग्लिकन बिशप फॉस वेस्टकॉट यांनी त्यांच्या कार्याची देखरेख केली. परक्या ख्रिस्तसभेच्या बिशपांनी शेजाऱ्यांचे घर सांभाळावे, ही गोष्ट थोर आहे. पण युद्ध संपल्यावर ल्यूथरन भाविकांनी अँग्लिकन चर्चमध्ये विलीन न होता १० जुलै १९१९ रोजी स्वायत्ततेची घोषणा केली. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. मदत स्वीकारणे आणि स्वतःचे अस्तित्व राखणे यांत विरोध नाही. रबाळ्यासारख्या ठिकाणी झारखंडहून आलेल्या कुटुंबांच्या मनात हा वारसा असू शकतो.

आपल्याकडेही याच्याशी मिळतीजुळती तरतूद आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेनुसार धर्मगुरूंची उणीव असल्यास शेजारच्या अनेक धर्मग्रामांची जबाबदारी एकाच प्रमुख धर्मगुरूंकडे देता येते (कलम ५२६). अनेक धर्मगुरूंनी मिळून एक किंवा अधिक धर्मग्राम सांभाळण्याचीही सोय आहे (कलम ५१७). फरक असा की, आपल्याकडे नेमणूक बिशप करतात. ल्यूथरन परंपरेत मंडळीच्या निमंत्रणाला मोठे स्थान असते.

मग आपण त्यांच्या सेवेत किती सहभागी व्हावे? एकत्र प्रार्थना करावी, वचन ऐकावे, दुःखात धावून जावे. याला ख्रिस्तसभेचे उत्तेजनच आहे. १९९३ च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक मार्गदर्शिकेनुसार ज्यांना उपासनेसाठी जागा नाही, अशा अन्य ख्रिस्ती समूहांना बिशप आपले मंदिर वापरण्याची परवानगी देऊ शकतात. परंतु त्यांच्या प्रभुभोजनात कॅथलिकांनी सहभागी होऊ नये आणि पवित्र मिस्सामध्ये त्यांना ख्रिस्तशरीर देणे हे केवळ मरणसंकटासारख्या गंभीर प्रसंगी, ठरावीक अटींवर शक्य आहे (कलम ८४४). ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्जबर्ग येथे नीतिमत्त्वाविषयीच्या संयुक्त घोषणेवर दोन्ही बाजूंनी स्वाक्षऱ्या केल्या. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस आणि बिशप मुनीब युनान यांनी एकत्र प्रार्थना केली. त्या दिवशीच्या निवेदनात, सारे जीवन वाटून घेणाऱ्या पण एका वेदीपाशी येऊ न शकणाऱ्या जोडप्यांच्या वेदनेचीही दखल घेतली आहे.

अशा विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते. म्हणून तारीख ठरविण्यापूर्वीच आपल्या धर्मगुरूंना भेटावे. रीतसर दिलेला ल्यूथरन स्नानसंस्कार आपली ख्रिस्तसभा मान्य करते, तो पुन्हा दिला जात नाही. त्याचा दाखला मात्र गावाकडील मंडळीकडून आधीच मागवून ठेवावा.