कुटाच्या एक पायरी पुढं

सुट्टीत मुलांसोबत ‘पीनट बटर-चॉकलेट कुकीज’ करायच्या म्हटलं, की आधी खरेदीची यादी होते: काचेच्या बरणीतलं पीनट बटर, लोणी, मैदा आणि शेवटी ओव्हन. ही यादी पाहूनच अनेक घरं बेत सोडून देतात. खरं तर बारामतीजवळच्या जळोचीसारख्या गावातल्या स्वयंपाकघराला या पदार्थासाठी फार दूर जावं लागत नाही. साखर तर दारचीच आहे; बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, शेजारच्या इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, असे सहकारी कारखाने नीरेच्या पाण्यावरच्या उसावर उभे राहिले. दूध, कणीक घरात असते. शेंगदाणे तर रोज भाजले आणि कुटले जातात. बाहेरून आणायचं ते चॉकलेट आणि बेकिंग पावडर. म्हणूनच ही कुकी परक्या पाककलेचा नमुना समजण्यापेक्षा आपल्या दाण्याच्या कुटाची पुढची पायरी समजावी. ती पायरी नीट कळली, की महागडी बरणीही लागत नाही आणि तुपाचा डबाही काढावा लागत नाही.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिनं. भाजून, सालं पाखडून दाणे मिक्सरमध्ये फिरवले, की पहिल्या मिनिटात कूट होतं. आपण नेहमी इथंच थांबतो, कारण भाजीला, कोशिंबिरीला तेवढंच हवं असतं. न थांबता, भांडं तापलं तर थोडा दम खाऊ देत, कडेचं खाली ढकलत फिरवत राहिलं, तर कुटाचा आधी ओलसर गोळा होतो. मग पेशी फुटून तेल सुटतं आणि गोळा सैल होऊन चमच्यावरून ओघळू लागतो. हेच पीनट बटर. त्यात पाण्याचा थेंबही घालू नये. पाण्यानं ते सैल होण्याऐवजी घट्ट होऊन बसतं. कुकीत हे तेल शंकरपाळ्यातल्या मोहनाचं काम करतं. पिठाच्या कणांवर त्याचा लेप बसतो, चिवटपणा येत नाही आणि घास खुसखुशीत लागतो. नानकटाईत हे काम तूप करतं, इथं दाणा स्वतःच करतो. दाण्यातली प्रथिनं आणि चोथा गोळ्याला घट्ट धरून ठेवतात, म्हणून हा गोळा आपोआप फारसा पसरत नाही. काट्या-चमच्यानं आडवी-उभी दाबून नक्षी काढण्याची पद्धत त्यातूनच आली. ती दिसायला छान असते, पण तिचा खरा उपयोग जाडी सारखी होऊन आच मधोमध पोहोचावी हा आहे.

प्रमाण सोपं आहे. दीडशे ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं लोणी, पाऊण वाटी पिठीसाखर, वाटीभर कणीक, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि गोळा वळेल इतकंच, दोन-तीन चमचे दूध. शेवटी अर्धी वाटी चॉकलेटचे बारीक तुकडे. अंगाच्या उबेलाही चॉकलेट वितळू लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते फ्रिजमधून काढून लगेच कापावं. लिंबापेक्षा लहान असे वीसेक गोळे होतात. ओव्हन असेल तर 170 अंशांवर बारा-तेरा मिनिटं पुरतात. नसेल तर जाड बुडाच्या कढईत कडं ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवावं, वर गोळ्यांची ताटली ठेवावी आणि मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं भाजावं. कडा तांबूस झाल्या की कुकीज उतरवाव्यात. हात लावला तर त्या मऊच लागतील आणि कच्च्या राहिल्या असं वाटेल. तरी पुन्हा आचेवर ठेवू नयेत. निवताना साखर घट्ट होते आणि खुसखुशीतपणा तेव्हाच येतो.

ओव्हन नसणं ही अडचण आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर रवा-मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पाहिली आहे. भाजलेलं बिस्कीट घराघरात आलं ते घरी ओव्हन नसतानाच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: दाण्याचा लाडू, चिक्की असताना हे परदेशी कशाला? पण शेंगदाणा तरी इथला कुठं होता? तो दक्षिण अमेरिकेतला. कोकोही त्याच खंडाच्या बाजूचा. तरीही आज एकादशीच्या खिचडीत दाण्याचं कूट नसेल तर उपवास झाल्यासारखा वाटत नाही. पदार्थ आपला होतो तो रोजच्या हाताळणीतून. अमेरिकेत कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी 1916 मध्ये शेंगदाण्याच्या 105 पाककृतींची पुस्तिका काढली, तिच्यात बिस्किटंही होती. कापसानं थकलेल्या जमिनीत भुईमूग पेरला जावा आणि त्याला घरातच गिऱ्हाईक मिळावं, हा त्यामागचा विचार होता. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीला देतात. आपले शेतकरी त्यालाच चांगला बेवड म्हणतात, आणि उसाच्या पट्ट्यात त्या बेवडाची किंमत वेगळी सांगायला नको. खरिपाच्या शेंगा दिवाळीच्या आसपास घरात येतात, उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये निघतो. दोन्ही सुट्ट्यांना दाणा ताजा मिळतो.

आरोग्याचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. दाण्यात प्रथिनं असली तरी साखर आणि चरबी भरपूर असलेला हा खाऊ आहे. एक-दोन कुकी पुरे. काही मुलांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून शेजारी डबा देण्याआधी विचारावं. आणि दाणे निवडूनच घ्यावेत. काळपट, बुरशी आलेला दाणा भाजून निर्धोक होत नाही, कारण बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष साध्या भाजण्यानं पुरतं नष्ट होत नाही. खवट दाणा तर चॉकलेटनंही झाकला जात नाही. त्यामुळे मुलांच्या हाती पहिलं काम द्यावं ते सुपात दाणे पसरून वाईट दाणा वेगळा काढण्याचं. गोळे वळायला ती आपण होऊन धावतील. पण पदार्थ चांगला होणार की नाही, ते त्या सुपातच ठरलेलं असतं.