साखर, डोळे आणि रक्तवाहिन्यांना लगाम

पालीच्या आमच्या खाला फजरनंतर कुरआन शरीफ वाचायला बसल्या, तर अक्षरांवर काळे धागे तरंगताना दिसू लागले. चष्मा पुसला, तरी जाईनात. साखरेचा आजार १४ वर्षांचा. चष्म्याचा नंबर त्या वेळेवर काढत, पण डोळ्याचा पडदा कधीच तपासला नव्हता. रत्नागिरीला नेल्यावर कळलं, पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्यांतून रक्त झिरपलं होतं.

जखम भरायला नव्या रक्तवाहिन्या लागतातच. साखरेच्या आजारात मात्र पडद्याच्या बारीक वाहिन्या बंद पडतात, तिथं ऑक्सिजन पोचत नाही. मग पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्यांना बोलावतात. या वाहिन्या नाजूक आणि गळक्या असतात. कर्करोगाची गाठही वाढण्यासाठी अशाच वाहिन्या ओढून घेते, हे अमेरिकेचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं.

आज डोळ्यात देतात ती रॅनिबिझुमॅब किंवा बेव्हासिझुमॅबची इंजेक्शनं या व्हीईजीएफलाच पकडून ठेवतात. गरजेप्रमाणे लेझरही करतात. ही औषधं म्हणजे मोठी प्रथिनं. ती बनवणं खर्चिक, आणि इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

म्हणून शास्त्रज्ञ छोट्या पेप्टाइडकडे वळले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, पेप्टाइड म्हणजे तिचा छोटा तुकडा. आपल्या ओळखीच्या इन्सुलिनमध्ये ५१ मणी असतात. यांतली काही पेप्टाइड तर पाच-दहा मण्यांचीच. व्हीईजीएफ ही किल्ली मानली, तर पेशीवर तिचं कुलूप असतं. पेप्टाइड त्या कुलपात आधीच अडकून बसतं किंवा किल्लीलाच चिकटतं. कुलूप उघडत नाही, वाहिनी वाढत नाही. शरीरातही असे ब्रेक आहेत. थ्रॉम्बोस्पॉन्डिन हे त्यांतलं एक प्रथिन, आणि त्याच्या तुकड्यावरून नऊ मण्यांचं पेप्टाइड बनवून माणसांवर तपासलं गेलं.

पण अडचणी आहेत. शरीरातली विकरं पेप्टाइड लवकर तोडून टाकतात. सिलेंजिटाइड हे पाच मण्यांचं पेप्टाइड मेंदूच्या कर्करोगावर मोठ्या चाचणीत वापरलं, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. २०१४ मध्ये तो निकाल छापून आला. तेव्हा ‘पेप्टाइडने डोळे बरे’ अशा जाहिरातींना भुलू नका.

आपल्या हातात आहे ते हे. घरात कुणाला साखर असेल, तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्या. सुरुवातीला हा आजार दुखत नाही, दिसतही नाही. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणी असावं. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. रमजानमध्ये गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बदलू नका, महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा.

खालांचे धागे आता विरळ झालेत. “चष्मेवाल्याकडे जात होते, वाटलं डोळे तपासले,” असं त्या म्हणतात. आपल्या घरातही कुणाला असंच वाटत नाही ना, आज एकदा विचारून पाहा.